एकच लोखंड, तीन सळया

घर बांधायला काढलेला माणूस आमच्या प्रयोगशाळेत आला की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो : "मॅडम, लोखंड कुठल्या कंपनीचं घेऊ?" जालन्यात हा प्रश्न साहजिक आहे. गावाला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल आहेत, आणि तिथली सळई सगळ्या मराठवाड्यात आणि त्याच्याही बाहेर जाते. मी धातुपरीक्षणाचं काम करते. सळई मशीनमध्ये धरायची, तुटेपर्यंत ओढायची, वाकवायची, कापून आतून बघायची, हा माझा रोजचा दिवस. कंपनीचं नाव मी कुणालाच सांगत नाही. मी उलट विचारते, "त्या सळईवर मिलमध्ये काय काय झालंय ते ठाऊक आहे का?" समोरचा माणूस मग रसायनाचा दाखला पुढे करतो. कार्बन इतका, गंधक इतकं, फॉस्फरस इतका. आकडे बरोबर आहेत म्हणजे माल चांगला, अशी त्याची खात्री असते.

दाखला हवाच. पण त्याने निम्मीच गोष्ट कळते. उरलेली निम्मी समजावी म्हणून मी टेबलाच्या खणात सळईचे तीन तुकडे ठेवले आहेत, तिन्ही १२ मिलिमीटर जाडीचे. पहिला एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत निघालेला गुळगुळीत गोल गज, साध्या माइल्ड स्टीलचा. दुसरी टोर सळई, दोरीसारखी पिळलेली. अंगावरच्या रेघा तिरप्या चढत गेलेल्या दिसतात. तिसरी आजची टीएमटी. तिघींच्या पोटातलं रसायन जवळपास सारखं आहे : शंभर भागांत साधारण पाव भाग किंवा त्याहून कमी कार्बन, थोडं मँगनीज, बाकी लोखंड. पण पहिली सळई सुमारे २.९ टनांच्या ओढीला कायमची ताणली जायला लागते, दुसरी ४.८ टनांना, आणि तिसरी पावणेसहा टनांपर्यंत दाद देत नाही. एकाच धातूची ताकद दुप्पट झाली ती कुठल्या महाग मिश्रणामुळे नव्हे. ती सळई ज्या रीतीने घडवली त्या रीतीमुळे.

हे कसं घडतं ते समजायला लोखंडाच्या आत जावं लागतं. लोखंड म्हणजे बारीक स्फटिकांचा घट्ट दाटलेला गठ्ठा. आम्ही त्यांना कण म्हणतो. चांगल्या सळईत एका मिलिमीटरच्या अंतरात असे पन्नासेक कण सहज मावतात. प्रत्येक कणात अणू ओळीने मांडलेले असतात. सळई वाकते आणि वाकलेलीच राहते, तेव्हा या ओळी एकमेकींवरून सरकलेल्या असतात. आता, अणूंची अख्खी ओळ एका दमात सरकवायला किती जोर लागेल याचं गणित मांडता येतं, आणि ते मांडलं की उत्तर प्रत्यक्षापेक्षा शेकडो पटींनी मोठं येतं. धातू इतका सहज का वाकतो, हे कोडं शास्त्रज्ञांना छळत होतं. १९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे त्याचं उत्तर मांडलं. लग्नाच्या मांडवात अंथरलेलं जड जाजम चार बोटं सरकवायचं असेल तर कुणी ते टोकाला धरून ओढत नाही. एका कडेला सुरकुती उभी करायची आणि ती पायाने ढकलत दुसऱ्या कडेपर्यंत न्यायची. स्फटिकातही अशीच एक अर्धवट, अडखळलेली ओळ असते, आणि सरकते ती हीच. इंग्रजीत तिला डिसलोकेशन म्हणतात. आपण इथे सुरकुतीच म्हणू.

धातू मजबूत करायचा म्हणजे या सुरकुत्यांची वाट अडवायची. पण पुरती अडवायची नाही. सुरकुत्या मुळीच हलू शकल्या नाहीत तर धातू वाकण्याऐवजी काचेसारखा तडकतो. धातू घडवण्याची सगळी विद्या या दोन टोकांच्या मधे चालते.

टोर सळईची रीत सोपी होती. साठच्या दशकात ती आपल्याकडे आली आणि पुढची तीसेक वर्षं बांधकामावर तिचंच राज्य होतं. लाटून थंड झालेली सळई घ्यायची, एक टोक घट्ट धरायचं आणि दुसरं फिरवायचं. थंड धातूला पीळ बसताना आत नव्या सुरकुत्या जन्माला येतात. चौरस सेंटिमीटरमागे काही कोटी असलेल्या सुरकुत्या हजारो कोटींवर जातात. इतकी गर्दी झाली की त्या एकमेकींतच अडकतात, आणि २५० न्यूटनला ताणली जाणारी सळई ४१५ न्यूटनपर्यंत तग धरू लागते. (हे आकडे दर चौरस मिलिमीटरमागचे. दुकानदार 'फोर फिफ्टीन', 'फाइव्ह हंड्रेड' म्हणतात ते हेच.)

हाच खेळ कुणालाही साइटवर उभ्या उभ्या बघता येतो. सळया बांधायची काळी तार, बाइंडिंग वायर, बारबेंडरच्या आकडीने दोन वेढ्यांत गच्च बसते. तीच तार मिलमध्ये साच्यातून थंडपणी ओढून बारीक केली त्या वेळी ताठ आणि उसळणारी होती. मग ती भट्टीत तापवून सावकाश निवू दिली, तेव्हा जुने गुंतलेले कण जाऊन नवे, मोकळे कण तयार झाले आणि ती मऊ झाली. साइटवर नवा पोरगा आकडीला एक वेढा जास्त देतो आणि तार कट्कन तुटते. तार खराब नसते. त्या जास्तीच्या पिळाने तिच्यातली उरलीसुरली लवचिकता खर्च झालेली असते.

टोरचा तोटाही तिथेच होता. पीळ देऊन ताकद मिळाली, पण ती लवचिकता मोडून मिळाली. साधा गोल गज तुटण्याआधी निदान २३ टक्के लांबायचा, टोरला १४.५ टक्क्यांची अट ठेवावी लागली. वर पिळाचा ताण सळईच्या अंगात कायमचा कोंडलेला राहायचा, आणि अशी ताणलेली कड गंजालाही लवकर बळी पडायची. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्लॅबमधून फुगून बाहेर डोकावणारी गंजकी सळई आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. तिथे काँक्रीटचाही दोष असतो, सगळा सळईवर ढकलू नये.

तिसऱ्या सळईची रीत मला सगळ्यांत देखणी वाटते, म्हणून तिच्याकडे जरा निवांत बघू. बेल्जियममधल्या लीएज शहरातल्या धातुसंशोधन केंद्राने सत्तरच्या दशकात ती विकसित केली. टेम्पकोर हे तिचं नाव. आज आपल्याकडे टीएमटी म्हणून जे विकलं जातं ते याच रीतीने किंवा तिच्या भावंडांनी बनतं.

सुरुवात ओतलेल्या बिलेटपासून होते. शंभर मिलिमीटर चौरस, सहा मीटर लांबीच्या एका बिलेटचं वजन ४७० किलोच्या आसपास भरतं. ओतीव धातूचे कण मोठे आणि ओबडधोबड असतात, मधे आकसल्याच्या पोकळ्या राहतात, गंधक-फॉस्फरस गाभ्याकडे जमतं. हे बिलेट अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवून रोलरच्या जोड्यांतून लाटत नेतात. बारा मिलिमीटरची सळई होईपर्यंत त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ नव्वदावा भाग उरतं, आणि एका बिलेटमधून अर्धा किलोमीटरहून लांब सळई निघते. या लाटण्यात पोकळ्या दाबून मिटतात आणि मोठे कण पुनःपुन्हा मोडून बारीक होतात. बारीक कण म्हणजे जास्त सीमा, आणि प्रत्येक सीमेशी सुरकुतीला थबकावं लागतं. कण जितका बारीक तितका धातू मजबूत, हा नियम पन्नासच्या दशकात हॉल आणि पेच या दोन संशोधकांनी आकड्यांत बसवला. यात लवचिकता गमवावी लागत नाही, ही त्यातली मोठी मिळकत.

शेवटच्या रोलरमधून सळई बाहेर येते तेव्हा ती हजार अंशांच्या आसपास, नारिंगी रंगाची असते, आणि सेकंदाला दहा-बारा मीटर वेगाने धावत असते. तशीच ती पाण्याच्या नळकांड्यांत शिरते. जोरदार दाबाचं पाणी चहूबाजूंनी आदळतं. सेकंदाच्या आत सळई पलीकडे निघते, आणि तिची कातडी तेवढ्यात विझून काळी पडलेली असते. गाभा मात्र अजून लाल आहे.

इथे लोखंडाचा एक मूळ स्वभाव कामी येतो. खूप तापलेल्या लोखंडात अणूंची मांडणी अशी असते की तिच्यात कार्बन आरामात सामावतो. निवताना मांडणी बदलते, आणि नव्या मांडणीत कार्बनला जवळपास जागाच नसते. सावकाश निवलं तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी संयुग करून पापुद्र्यांत बसतो. झटकन विझवलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जिथल्या तिथे अडकतो, मांडणी ताणली जाते, आणि सुरकुत्यांना हलणं कठीण होतं. या रूपाला मार्टेन्साइट म्हणतात. ते फार कठीण आणि त्याच कारणाने ठिसूळ. सळईच्या कडेला आता त्याचं कवच तयार झालेलं असतं. पाण्यातून बाहेर आल्यावर आतला लाल गाभा आपली उष्णता कडेकडे पाठवतो, विझलेली कड पुन्हा सहाशे अंशांच्या आसपास तापते, आणि अडकलेल्या कार्बनपैकी बराच बाहेर पडून ठिसूळपणा जातो. मग सळई कूलिंग बेडवर निवांत पडते, आणि गाभा हळूहळू निवून मऊ, चिवट होतो. बाहेर कठीण कवच, आत नरम गाभा, आणि दोन्ही एकाच धातूचे, सांधा नसलेले.

आपल्याकडचा घिसाडी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची कुऱ्हाड घडवताना तो तापलेल्या कुऱ्हाडीची फक्त धार पाण्यात बुडवतो आणि लगेच बाहेर काढतो. धार विझलेली, पण मागचा भाग तापलेलाच. मग ती दगडावर घासून उजळ करतो आणि डोळे लावून बसतो. मागची आच धारेकडे सरकते, धारेवर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तांबूस जांभळा, मग निळा. हवा तो रंग दिसला की पुन्हा पाण्यात. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन सळईच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून त्याची धार फार कठीण होते आणि त्याला आच कमी, अंदाजे दोनशे ते तीनशे अंशांपर्यंतच द्यावी लागते. तत्त्व मात्र तेच : पाण्याने कठीण करायचं आणि त्याच वस्तूच्या पोटातल्या उष्णतेने ते ठिसूळपण उतरवायचं. रस्त्याकडेच्या पालासमोर हे काम मी तासन्‌तास बघितलं आहे. भट्टीजवळचं तापमान मोजायचं एकही साधन नसताना तो माणूस जे नेमकेपण आणतो, त्याबद्दल मला खोल आदर आहे. त्या विद्येची दखल आपल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांनी घ्यायला हवी होती.

सळईचं कवच डोळ्यांनी दिसतं. आम्ही तुकडा कापतो, कापलेलं तोंड घासून आरशासारखं करतो आणि त्यावर स्पिरिटमध्ये मिसळलेलं थोडं नायट्रिक आम्ल लावतो. काही क्षणांत कडेला गडद कडं उमटतं आणि मधला भाग फिका राहतो. कडं सगळीकडे सारख्या रुंदीचं आणि अखंड हवं. कधी ते चंद्रकोरीसारखं येतं, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पुसट. मिलमधली पाण्याची एखादी तोटी तुंबली होती हे तेवढ्यावरून कळतं. आणि कधी 'टीएमटी' म्हणून आलेल्या सळईत कडंच दिसत नाही. रसायनाचा दाखला मात्र बिनचूक असतो. आयुष्यभराची बचत ओतून घर बांधणाऱ्या माणसाला हे सांगताना मला फार वाईट वाटतं, पण ते स्लॅब पडायच्या आधी सांगता आलं याचं समाधानही असतं.

या कड्यामुळे एक गोष्ट अशी घडते की नवे विद्यार्थी चक्रावतात. लोखंडाची चाचणी घ्यायची तर लेथवर सुबक, गुळगुळीत नमुना उतरवायचा, असं ते शिकून आलेले असतात. टीएमटी सळई लेथवर सोलली की कवच बुकणीबरोबर निघून जातं आणि मागे उरतो नरम गाभा. पाचशेची सळई मग पाचशे भरत नाही. म्हणून भारतीय मानक, आयएस १७८६, सळई तिच्या पूर्ण जाडीत, न सोलता तपासायला सांगतं.

घडवण्याच्या रीतीने सगळंच बदलतं असंही नाही. सळई किती सहज ताणली जाते, म्हणजे भार काढला की परत येणारा ताण, तो तिघींचा सारखाच. एक मीटर लांबीच्या १२ मिलिमीटर सळईला एक टनाने ओढा; गोल गज असो, टोर असो वा टीएमटी, ती साधारण ०.४३ मिलिमीटर लांबेल. हा गुण अणूंमधल्या बंधांचा आहे आणि पीळ, पाणी, हातोडा यांचं तिथे काही चालत नाही. याचा अर्थ घरमालकाने नीट ध्यानात घ्यावा. जास्त ताकदीची सळई आणून संख्या कमी केली तर स्लॅब पडणार नाही, पण तो आधीपेक्षा जास्त लवेल आणि बारीक भेगाही जास्त रुंदावतील. वाचवलेल्या पैशाचा हिशेब करताना हेही धरायला हवं.

मोठ्या आकड्याचा मोह मला म्हणूनच खटकतो. ५५० मागणारे लोक ५०० घेणाऱ्याकडे जरा कीव करून बघतात. मानकानुसार साध्या ५५० सळईने तुटण्याआधी १० टक्के लांबलं तरी चालतं, साध्या ५०० ने १२ टक्के. पण 'डी' अक्षर लावलेल्या ५०० ला १६ टक्के लांबावं लागतं, आणि तिच्यातलं गंधक-फॉस्फरसही कमी लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जी घरं कोसळली ती दगड-मातीची होती, तिथे सळई नव्हतीच. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी काँक्रीटची घरं उभी राहिली. जमीन हलते तेव्हा काँक्रीटच्या चौकटीने तो धक्का कुठेतरी जिरवायचा असतो, आणि तो जिरतो सळईच्या लांबण्यात. लांबणारी सळई घर वाकडं करेल, भेगा पाडेल, पण आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ देईल. म्हणून भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामाच्या मानकात अशा सळयांसाठी १४.५ टक्क्यांहून जास्त लांबण्याची अट आहे. मला विचाराल तर घरासाठी ५०० डी. ५५० च घ्यायची असेल तर तीही 'डी'च घ्या.

आणि सळई मिलमधून निघाली म्हणजे तिचं घडणं संपलं, असं नसतं. बारा मीटरची सळई छोट्या टेम्पोत मावत नाही, म्हणून गठ्ठा मधोमध दुमडतात. साइटवर घणाने ठोकून ती सरळ करतात. दुमड गोलसर असेल तर बारीक सळई ते सहन करते. पण कडक घडी घालून उलटी उघडली की त्या जागी थंड धातू दोनदा मोडलेला असतो, आणि त्या नव्या सुरकुत्यांभोवती लोखंडातला थोडासा नायट्रोजन महिनोन्‌महिने हळूहळू जमत राहतो. आज नीट उघडलेली सळई काही काळाने त्याच जागी ठिसूळ झालेली असते. आमच्या प्रयोगशाळेत याची खास चाचणी आहे. सळई आतला कोन १३५ अंश होईपर्यंत वाकवायची, मग अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, गार करायची, आणि आतला कोन १५७.५ अंश होईपर्यंत उलटी उघडायची. तो उकळत्या पाण्यातला अर्धा तास म्हणजे साइटवर पडून राहिलेले महिने. वाकवताना आवाजही न केलेली सळई इथे कधी कधी दोन तुकडे होऊन टेबलावर पडते.

जाड सळई वाकत नाही म्हणून ती गॅसने लाल करून वाकवणं हा दुसरा प्रकार. सळईला सहाशेच्या वर आच गेली की मिलमध्ये दिलेलं पाणी त्या जागी उतरू लागतं, आणि लालभडक होऊन ती नुसती हवेत निवली की कवच पार नाहीसं होतं. कॉलमच्या मुळाशी, जिथे सगळ्यांत जास्त जोर येतो, तिथेच पाचशेच्या सळईचा एक वीतभर तुकडा जुन्या गोल गजाच्या आसपास येऊन ठेपतो. बाहेरून काही दिसत नाही, फार तर थोडी निळसर झाक. बारबेंडरला कुणी हे सांगितलेलं नसतं. मी साइटवर जाते तेव्हा त्यालाच कापलेल्या सळईचं गडद कडं दाखवते. एकदा ते पाहिलं की तो आपणहून लांब पाइपाची चावी आणतो आणि थंडपणीच वाकवतो.

सळई तपासायला आणणार असाल तर प्रत्येक जाडीचे मीटरभर लांबीचे तीन तुकडे आणा, एकाच गठ्ठ्यातले, अंगावरची छाप दिसेल असे. ते करवतीने किंवा कटरने कापा. गॅसने कापलेलं टोक आम्हाला आधी फेकून द्यावं लागतं.